अनुदानाची वर्गवारी आणि नाट्यप्रशिक्षण : ब्रिटनमधील नाट्यविद्यालयांच्या अर्थकारणाचा ऐतिहासिक आढावा (१९०४ ते २०२२)

प्रस्तावना

उच्च शिक्षणातील कोणत्या विषयाला किती अनुदान द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. प्रत्यक्षात तो बहुतांशी व्याख्येचा प्रश्न असतो. एखादा अभ्यासक्रम ‘शिक्षण’ या सदरात मोडतो की ‘व्यावसायिक प्रशिक्षण’ या सदरात, तो प्रयोगशाळेची गरज असणाऱ्या विषयांच्या जवळचा आहे की केवळ व्याख्यानांवर चालणाऱ्या विषयांच्या, हे एकदा निश्चित झाले की रकमेचा आकडाही जवळजवळ निश्चित होतो. नाट्यप्रशिक्षण हा विषय अशा कोणत्याच सदरात पुरतेपणी बसत नाही. तो कला आहे, कौशल्य आहे, व्यवसाय आहे आणि विद्यापीठीय ज्ञानशाखाही आहे. त्यामुळे त्याच्या निधीचा इतिहास हा त्याला वेळोवेळी लावल्या गेलेल्या नावांचा इतिहास ठरतो.

प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील, प्रामुख्याने इंग्लंडमधील नाट्यविद्यालयांच्या अर्थकारणाचा १९०४ ते २०२२ या कालखंडातील आढावा घेतला आहे. या उदाहरणाची निवड दोन कारणांनी केली आहे. पहिले कारण असे की, खासगी आश्रय, स्थानिक संस्थांची मदत, केंद्रीय अनुदान आणि शुल्काधारित व्यवस्था या चारही अवस्था तेथे एकामागून एक आलेल्या दिसतात. दुसरे कारण असे की, आपल्याकडील आधुनिक नाट्यशिक्षणाचा या परंपरेशी प्रत्यक्ष संबंध आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला घडविणारे इब्राहिम अल्काझी हे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रामॅटिक आर्टचे, म्हणजेच ‘राडा’चे विद्यार्थी होते.

नाट्यविद्यालयांनी प्रत्येक आर्थिक संकटात आपले स्वरूप बदलून निधीच्या नव्या वर्गवारीत प्रवेश मिळविला. परंतु ज्या वर्गवारीने त्यांना तारले, तीच वर्गवारी शासनाने पुढे बदलली तेव्हा त्यांचे संकट अधिक गडद झाले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नाट्यप्रशिक्षण खर्चिक का असते?

इतिहासाकडे वळण्यापूर्वी या प्रशिक्षणाच्या खर्चाचे स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे. इतिहास किंवा अर्थशास्त्र या विषयांच्या वर्गात साठ विद्यार्थी असोत वा एकशेवीस, व्याख्यानाचा खर्च फारसा बदलत नाही. अभिनयाच्या वर्गात ही सोय नाही. वाचिक अभिनय शिकविताना प्रत्येक विद्यार्थ्याचा श्वास, उच्चार आणि स्वर स्वतंत्रपणे ऐकावा लागतो. आंगिक अभिनयासाठी मोकळी, उंच छताची जागा लागते. तालमी दिवसभर चालतात आणि प्रयोग उभा करायचा तर नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा व ध्वनी यांसाठी कार्यशाळा आणि जाणकार माणसे लागतात. वर्षाला मोजक्याच विद्यार्थ्यांना प्रवेश देता येतो आणि तो केवळ गुणपत्रिकेवर न देता प्रत्यक्ष चाचणीवर द्यावा लागतो.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगक्षम कलांच्या अर्थकारणावरील आपल्या ग्रंथात या अडचणीचे मूळ दाखवून दिले. कारखान्यात यंत्रांमुळे दरडोई उत्पादन वाढते आणि त्याबरोबर वेतनही वाढते. नाटकात मात्र तीन तासांचा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीही तीन तासच घेत असे आणि त्यातील पात्रांची संख्याही कमी करता येत नाही. समाजातील वेतनमान वाढत गेले की अशा क्षेत्राचा खर्च उत्पादकता न वाढताही वाढत राहतो. हा विचार नाट्यप्रशिक्षणाला तंतोतंत लागू पडतो. शिक्षकाने बारा विद्यार्थ्यांऐवजी चाळीस विद्यार्थी घेतले तर काटकसर साधत नाही; प्रशिक्षणाचे स्वरूपच बदलते. म्हणूनच दरडोई समान दराने अनुदान देणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेत हा विषय तोट्यात जातो. ही तूट कोणी भरून काढायची, या एका प्रश्नाभोवती पुढील सर्व इतिहास फिरताना दिसतो.

खासगी आश्रयाचा कालखंड

सुप्रसिद्ध नट व व्यवस्थापक हर्बर्ट बीअरबोम ट्री यांनी १९०४ साली लंडनमधील हिज मॅजेस्टीज थिएटर येथे अकॅडमी ऑफ ड्रामॅटिक आर्ट स्थापन केली. एल्सी फोगर्टी यांनी १९०६ साली रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सेंट्रल स्कूल सुरू केले. तोपर्यंत नट घडत असे तो फिरत्या मंडळीत, वरिष्ठ नटांच्या हाताखाली. आपल्याकडील नाटक मंडळ्यांमधील उमेदवारीशी ही पद्धत मिळतीजुळती होती. नव्या संस्थांनी ही उमेदवारी शाळेच्या चार भिंतींत आणली. मात्र तिचा खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातून आणि रंगभूमीशी संबंधित धनिकांच्या देणग्यांतून भागवावा लागे.

ट्री यांच्या संस्थेला १९२० साली राजसनद मिळाली आणि १९२४ साली सरकारी तिजोरीतून पाचशे पौंडांचे पहिले अनुदान मिळाले. रक्कम अल्प असली तरी तत्त्व महत्त्वाचे होते. नट घडविणे हे काही अंशी सार्वजनिक कार्य आहे, ही मान्यता त्यातून प्रथमच मिळाली.

या काळातील आश्रयाचे सर्वांत लक्षणीय उदाहरण जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे आहे. शॉ १९११ पासून अकॅडमीच्या नियामक मंडळावर होते. १९५० साली त्यांचे निधन झाले, तेव्हा मृत्युपत्रान्वये त्यांच्या मानधनाचा एक-तृतीयांश वाटा ‘राडा’ला मिळू लागला. उरलेले दोन वाटे ब्रिटिश म्युझियम आणि आयर्लंडची नॅशनल गॅलरी यांना गेले. मराठी रसिकांना ‘ती फुलराणी’मुळे परिचित असलेल्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकावर आधारित ‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका १९५६ मध्ये रंगभूमीवर आली आणि या देणगीचे मोल एकाएकी वाढले. परंतु लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे हा ब्रिटनमधील स्वामित्वहक्काचा कालावधी असल्याने, तेथील हा हक्क २०२० च्या अखेरीस संपुष्टात आला. दानाच्या पायावर उभे राहिलेले उत्पन्न कितीही भक्कम वाटले तरी त्याला मुदत असते, हे यावरून स्पष्ट होते.

‘बंधनकारक’ आणि ‘ऐच्छिक’ : १९६२ चा कायदा

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर स्थानिक शिक्षण प्राधिकरणांकडून विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या आर्थिक साहाय्याची व्याप्ती वाढली. १९४६ साली ब्रिस्टल ओल्ड व्हिक थिएटर स्कूल आणि १९५० साली रोझ ब्रुफर्ड यांचे महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी ग्लासगो येथेही नाट्यमहाविद्यालय निघाले. याच सुमारास, १९४७ मध्ये, ब्रिस्टल विद्यापीठात ब्रिटनमधील पहिला विद्यापीठीय नाट्यविभाग स्थापन झाला. एकाच शहरात वर्षभराच्या अंतराने निघालेल्या या दोन संस्थांची उद्दिष्टे भिन्न होती. थिएटर स्कूल नट घडविणार होते. विद्यापीठाचा विभाग नाटकाचा अभ्यास करणार होता. हा भेद निधीच्या दृष्टीने पुढे निर्णायक ठरला.

१९६२ च्या शिक्षण कायद्याने पूर्णवेळ प्रथम पदवी घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला अनुदान देणे स्थानिक प्राधिकरणांवर बंधनकारक केले. इतर अभ्यासक्रमांसाठी अनुदान द्यावे की नाही, हे प्राधिकरणाच्या इच्छेवर सोडले. नाट्यविद्यालयांच्या बहुतांश पदविका या दुसऱ्या प्रकारात गेल्या. परिणामी विद्यापीठात नाटकाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला अनुदानाचा हक्क होता, तर त्याच शहरातील नाट्यविद्यालयात नाटक करावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या नगरपरिषदेच्या कृपेवर अवलंबून राहावे लागे.

अर्थव्यवस्था विस्तारत होती तोपर्यंत हा भेद फारसा जाणवला नाही, कारण अनेक प्राधिकरणे हात सैल सोडून मदत करीत. या काळातील सामाजिक परिणाम दूरगामी होता. सॅलफर्डमधील शर्यतींवर पैजा घेणाऱ्या व्यावसायिकाचा मुलगा अल्बर्ट फिनी आणि हल बंदरात बोटी रंगविणाऱ्या कामगाराचा मुलगा टॉम कोर्टने हे दोघेही ‘राडा’त शिकले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटिश रंगभूमीवर आणि चित्रपटात श्रमिक वर्गाची बोली व जीवन अधिकाराने अवतरले, त्यामागे नव्या नाटककारांची लेखणी होतीच. परंतु ती बोली स्वाभाविकपणे बोलू शकणारे नट प्रशिक्षण संस्थांत पोहोचू शकले, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची होती. शुल्क भरण्याची ऐपत हीच प्रवेशाची अट राहिली असती तर हे घडणे कठीण होते.

ऐच्छिक अनुदानाची मर्यादा १९७० च्या दशकापासून दिसू लागली. गुलबेंकियन प्रतिष्ठानने नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९७६ साली राष्ट्रीय नाट्यप्रशिक्षण परिषद स्थापन होऊन अभ्यासक्रमांना मान्यता देण्याची पद्धत सुरू झाली. मान्यतेमुळे दर्जाची हमी मिळाली, पण अनुदानाचा हक्क मिळाला नाही. १९८० च्या दशकात केंद्र शासनाने स्थानिक संस्थांच्या कर आकारण्यावर मर्यादा घातल्या. खर्चात कपात करावयाची वेळ येताच प्राधिकरणांनी जे बंधनकारक नव्हते त्यालाच प्रथम हात घातला. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ऐच्छिक अनुदान अनेक भागांत नाममात्र उरले. दोन सारख्याच गुणी विद्यार्थ्यांपैकी एकाला मदत मिळे आणि दुसऱ्याला नाकारली जाई, ती केवळ त्यांची घरे वेगवेगळ्या प्राधिकरणांच्या हद्दीत असल्यामुळे.

याच सुमारास एक विसंगती निर्माण झाली. १९९४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय लॉटरीतून कलासंस्थांच्या इमारतींसाठी मोठा निधी उपलब्ध झाला. ‘राडा’ला १९९६ मध्ये दोन कोटी पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली आणि तिची नवी वास्तू २००० साली पूर्ण झाली. इमारतीसाठी पैसा होता. त्या इमारतीत शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मात्र नव्हता. भांडवली खर्चाला दाता मिळतो आणि आवर्ती खर्चाला मिळत नाही, हा अनुभव आपल्या महाविद्यालयांनाही अपरिचित नाही.

पदवीच्या छत्राखाली

या कोंडीतून बाहेर पडण्याचे दोन मार्ग १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आले. पहिला मार्ग १९९९ साली सुरू झालेल्या नृत्य व नाट्य पुरस्कार योजनेचा होता. या योजनेने निवडक खासगी विद्यालयांतील ठरावीक जागांचे शुल्क शासकीय निधीतून भागविले. परंतु ती उच्च शिक्षणाच्या चौकटीबाहेर, व्यवसाय शिक्षणाच्या चौकटीत होती.

दुसरा मार्ग पदवीचा होता. रोझ ब्रुफर्ड महाविद्यालयाने १९७६ मध्येच पदवी अभ्यासक्रम सुरू करून तो दाखविला होता. आता इतरांनीही पदविकेचे रूपांतर पदवीत केले. ‘राडा’च्या अभिनय पदवीला लंडनच्या किंग्ज कॉलेजने मान्यता दिली. ड्रामा सेंटर लंडन ही १९६३ साली स्थापन झालेली स्वतंत्र बाण्याची संस्था १९९९ मध्ये सेंट्रल सेंट मार्टिन्स या कलामहाविद्यालयात विलीन झाली. सेंट्रल स्कूल २००५ साली लंडन विद्यापीठाचे घटक महाविद्यालय बनले. २००१ साली ‘राडा’ आणि लंडन कंटेम्पररी डान्स स्कूल यांनी एकत्र येऊन ‘कॉन्झर्व्हेटॉयर फॉर डान्स अँड ड्रामा’ ही संघीय संस्था स्थापन केली. पुढे ब्रिस्टल ओल्ड व्हिक थिएटर स्कूल आणि ‘लॅम्डा’ याही तिच्यात सामील झाल्या. लहान संस्थांनी आपले वेगळेपण राखून एका छत्राखाली इंग्लंडच्या उच्च शिक्षण निधी परिषदेचे अनुदान मिळवावे, हा त्यामागील हेतू होता. नेहमीच्या दरात हे शिक्षण परवडत नाही हे मान्य करून परिषद विशेष संस्थांना अतिरिक्त रक्कमही देत असे.

या बदलाचा लाभ निर्विवाद होता. जो विद्यार्थी पूर्वी नगरपरिषदेच्या कृपेवर होता, तो आता इतर पदवी विद्यार्थ्यांच्या बरोबरीला आला. परंतु त्यासाठी मोल द्यावे लागले. श्रेयांक, लेखी निबंध, अंतर्गत मूल्यमापनाचे दस्तऐवज, संशोधन आणि गुणवत्ता तपासणी या विद्यापीठीय अटी तालमीच्या खोलीत आल्या. यातील काही गोष्टींनी प्रशिक्षणाला वैचारिक खोली दिली, हे नाकारता येत नाही. तथापि याहून मोठी गोष्ट अशी की, नाट्यविद्यालयांचे भवितव्य आता संपूर्ण विद्यापीठीय अर्थकारणाशी बांधले गेले. तेथे जे घडेल ते त्यांच्यावरही येणार होते.

शुल्काधारित व्यवस्था आणि २०१२ नंतरचा काळ

नाट्यविद्यालये पदवीच्या वर्गवारीत स्थिरावत होती त्याच काळात त्या वर्गवारीचा आशय बदलत गेला. १९९८ मध्ये पदवी विद्यार्थ्यांवर वार्षिक एक हजार पौंडांपर्यंत शुल्क लागू झाले. २००६ मध्ये ही मर्यादा तीन हजार आणि २०१२ मध्ये नऊ हजार पौंड झाली. २०१० च्या ब्राउन समितीच्या अहवालानंतर शासनाने अध्यापन अनुदानात मोठी कपात केली व तिची जागा विद्यार्थ्याच्या कर्जातून येणाऱ्या शुल्काने घेतली. २०१७ मध्ये ही मर्यादा ९,२५० पौंडांवर नेण्यात आली आणि २०२४-२५ पर्यंत तेथेच राहिली. दरम्यान ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनमधील महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर गेला होता. ज्या शिक्षणाचा खर्च बॉमोल यांच्या सिद्धान्तानुसार सर्वसाधारण महागाईहूनही अधिक वेगाने वाढतो, त्याचे उत्पन्न गोठले.

अनुदानाचा जो लहान अंश शिल्लक होता, त्याचीही नवी वर्गवारी करण्यात आली. कोणत्या अभ्यासक्रमातील पदवीधर किती कमावतात, ही कसोटी २०१९ च्या ऑगर समितीच्या अहवालात महत्त्वाची ठरली. नटाचे उत्पन्न अनियमित असते, त्यामुळे या कसोटीवर नाट्यशिक्षण कमी मूल्याचे दिसणे अपरिहार्य होते. २०१८ पासून निधी परिषदेची जागा घेतलेल्या विद्यार्थी कार्यालय या नियामक संस्थेने जुलै २०२१ मध्ये प्रयोगक्षम व सर्जनशील कलांसाठीचे अतिरिक्त अनुदान प्रत्येक पूर्णवेळ विद्यार्थ्यामागे २४३ पौंडांवरून १२१.५० पौंडांवर, म्हणजे निम्म्यावर आणले. त्याच वेळी निवडक विशेष संस्थांसाठीचा स्वतंत्र निधी मात्र वाढविण्यात आला. ज्या संस्थेला ‘जागतिक दर्जाची विशेष संस्था’ हे नाव मिळाले ती सावरली. सर्वसाधारण विद्यापीठांतील नाट्यविभागांना आणि या नावाबाहेर राहिलेल्यांना झळ सोसावी लागली.

पुढील घटना या पार्श्वभूमीवर पाहाव्या लागतात. ड्रामा सेंटर लंडन बंद करण्याचा निर्णय २०२० मध्ये जाहीर झाला. लंडन व विगन येथे केंद्रे असलेली ‘अल्रा’ ही नाट्यसंस्था एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद पडली आणि तिच्या विद्यार्थ्यांना रोझ ब्रुफर्ड महाविद्यालयात सामावून घेण्याची व्यवस्था करावी लागली. २००१ ची संघीय रचनाही घटक संस्था स्वतंत्र झाल्याने संपुष्टात आली. या प्रत्येक घटनेची स्थानिक कारणे वेगळी आहेत आणि सर्वांचे खापर एकाच धोरणावर फोडणे योग्य होणार नाही. परंतु लहान नाट्यसंस्थेजवळ चुकीचा एखादा निर्णय पचविण्याइतकी आर्थिक गंगाजळी उरलेली नव्हती, हे त्यांतील समान सूत्र नाकारता येत नाही.

या काळात प्रवेशाचा सामाजिक प्रश्नही पुन्हा उभा राहिला. मजूर पक्षाच्या वतीने २०१७ मध्ये झालेल्या चौकशीत चाचणीसाठीचे शुल्क, प्रवासखर्च आणि लंडनमधील राहणीमान हे कनिष्ठ आर्थिक स्तरांतील तरुणांपुढील अडथळे असल्याचे मांडण्यात आले. फिनी आणि कोर्टने यांच्या पिढीला जे दार उघडे मिळाले होते, ते पुन्हा अरुंद झाल्याची ही जाणीव होती.

भारतीय संदर्भ

या इतिहासाकडे केवळ दूरदेशीची हकिकत म्हणून पाहता येत नाही. १९५९ साली संगीत नाटक अकादमीच्या अंतर्गत स्थापन झालेल्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची धुरा अल्काझी यांनी १९६२ ते १९७७ या काळात सांभाळली. पूर्णवेळ निवासी प्रशिक्षण, कठोर शिस्त आणि मोजके विद्यार्थी हा नमुना त्यांनी येथे रुजविला. मात्र त्याचा आर्थिक पाया वेगळा होता. ही संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीत न राहता केंद्रीय सांस्कृतिक खात्याच्या निधीवर चालली आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळत राहिली. २००५ मध्ये विद्यालयाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. परंतु विद्यालयानेच पुढाकार घेऊन २०११ मध्ये तो सोडला. विद्यापीठाचे नाव घेतल्यास विद्यापीठाचे नियमही घ्यावे लागतात, हे ओळखून घेतलेला हा निर्णय ब्रिटिश विद्यालयांच्या वाटचालीच्या नेमका उलट आहे. हे विद्यालयाला परवडले, कारण त्याला निधीचा दुसरा स्रोत उपलब्ध होता.

महाराष्ट्रातील विद्यापीठीय विभागांना तसा पर्याय नाही. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची २००३ साली सुरू झालेली थिएटर आर्ट्स अकादमी यांनी मराठी रंगभूमीला आणि चित्रपटसृष्टीला किती कलावंत दिले, हे सर्वश्रुत आहे. या विभागांना मात्र इतर विषयांसाठी आखलेल्या कार्यभाराच्या, तासिकांच्या आणि पदमंजुरीच्या चौकटीतच काम करावे लागते. रात्री उशिरापर्यंत चाललेली तालीम कोणत्या तासिकेत मोजावयाची, प्रकाशयोजना शिकविणाऱ्या अनुभवी तंत्रज्ञाकडे पदव्युत्तर पदवी नसेल तर त्याची नियुक्ती कोणत्या पदावर करावयाची, हे येथील प्रश्न आणि ब्रिटनमधील ‘कोणत्या सदरात बसवायचे’ हा प्रश्न मुळात एकच आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्याने २०२३ मध्ये स्वीकारलेल्या श्रेयांक आराखड्यात प्रयोगक्षम कलांना सहअभ्यासक्रमात स्थान मिळाले आहे. हे स्वागतार्ह असले तरी दोन श्रेयांकांची ओळख आणि तीन वर्षांचे प्रशिक्षण यांतील अंतर धोरणकर्त्यांच्या नजरेआड होण्याचा धोका आहे. नाटक सर्वत्र शिकविले जात आहे असे कागदोपत्री दिसू लागले, की विशेष प्रशिक्षणाची गरज उरली नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे जाते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, नाट्यप्रशिक्षणाचा खर्च त्याच्या स्वरूपातून उद्भवतो, व्यवस्थापनाच्या उधळपट्टीतून नव्हे. दरडोई समान दराच्या व्यवस्थेत त्याला तूट येणारच, आणि ती भरून काढणे हा अपवाद न मानता नियमाचा भाग मानावयास हवा.

दुसरा, वर्गवारी बदलून मिळविलेला निधी तात्पुरता असतो. ब्रिटिश विद्यालये ऐच्छिक अनुदानातून बंधनकारक अनुदानाकडे गेली, तेव्हा अल्पावधीतच बंधनकारक अनुदानाची जागा कर्जाने घेतली. संस्थेचे स्वरूप शासनाच्या सदरांनुसार बदलण्याऐवजी, तिच्या स्वरूपाला अनुरूप सदर निर्माण करण्याचा आग्रह धरणे दीर्घकाळ हिताचे ठरते. विशेष संस्थांसाठी दिला जाणारा अतिरिक्त निधी हे त्या दिशेचे पाऊल होते. मात्र मोजक्या मानांकित संस्थांपुरते ते मर्यादित राहिल्यास त्याचा हेतू अपुरा राहतो.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, निधीच्या प्रश्नाचे अंतिम उत्तर रंगमंचावर दिसते. प्रशिक्षणाचा भार विद्यार्थ्याच्या कुटुंबावर पडला की कोणत्या घरांतील मुले नट होणार हे ठरते, आणि त्यावरून कोणाची भाषा, कोणाचे चालणे-बोलणे आणि कोणाचे दुःख रंगभूमीवर येणार हेही ठरते. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील लहान गावांतून नाट्यविभागांत येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात हा मुद्दा अधिकच गंभीर आहे. विद्यापीठांच्या अंदाजपत्रकात नाट्यविभागांसाठीच्या तरतुदीचा विचार होईल तेव्हा हा शंभर वर्षांचा अनुभव लक्षात घेतला जावा, अशी अपेक्षा येथे व्यक्त करावीशी वाटते.